पाणी, ऊर्जा आणि अन्न यांचा एकत्रित ताळेबंद : तुळजापूर तालुक्याच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

विकसनशील देशांच्या नियोजनात पाणी, ऊर्जा आणि अन्न हे तीन विषय दीर्घकाळ तीन स्वतंत्र खात्यांच्या अखत्यारीत राहिले आहेत. पाणी जलसंपदा खात्याचे, वीज वीज कंपनीची आणि पीक कृषी खात्याचे, अशी ही वाटणी आहे. कागदावर ती सोयीची असली तरी शेताच्या बांधावर टिकत नाही. विहिरीतील पाणी वर येते ते विजेवर, वीज खर्ची पडते ती पिकासाठी, आणि कोणते पीक घ्यावयाचे हे ठरते ते किती पाणी किती स्वस्तात उपसता येईल यावर. परिणामी एका खात्याने साधलेली बचत अनेकदा दुसऱ्या खात्याच्या खर्चात जाऊन बसते आणि हा खर्च कोणाच्याही वार्षिक अहवालात स्वतंत्रपणे दिसत नाही.

या परस्परसंबंधाकडे जगाचे लक्ष वेधले गेले ते प्रामुख्याने नोव्हेंबर २०११ मध्ये जर्मनीतील बॉन येथे भरलेल्या परिषदेमुळे. पाणी, ऊर्जा आणि अन्न यांच्या सुरक्षिततेचा विचार एकत्रितपणे झाला पाहिजे, असा या परिषदेचा आग्रह होता. पुढे २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने शाश्वत विकासाची उद्दिष्टे स्वीकारली, तेव्हा मात्र भूकमुक्ती दुसऱ्या, पाणी सहाव्या आणि ऊर्जा सातव्या क्रमांकावर गेली. उद्दिष्टांची यादी करताना अशी विभागणी अपरिहार्यच असते. परंतु यादीची शिस्त ही निसर्गाची शिस्त नव्हे. या विषयावरील बरीचशी चर्चा राष्ट्रे आणि मोठी नदीखोरी यांच्या पातळीवर होते. गावाच्या शिवारात या तिन्हींचा हिशेब कसा लागतो, हा प्रश्न तुलनेने मागे पडतो.

प्रस्तुत लेखात हा हिशेब धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर तालुक्याच्या संदर्भात मांडला आहे. यासाठी आजची वेळ महत्त्वाची आहे. कृषिपंपांना मोफत वीज आणि सौर कृषिपंपांचा मोठा विस्तार हे दोन निर्णय २०२४ पासून अंमलात आले आहेत, आणि कृष्णा खोऱ्यातील पाणी उपसून तुळजापूरपर्यंत आणण्याची योजनाही आकार घेत आहे. तालुक्यातील पीकपद्धती पुढील पंचवीस वर्षे कशी राहील, हे या काही वर्षांत ठरणार आहे.

बालाघाटाच्या माथ्यावरील पाणी

तुळजापूर हे बालाघाट डोंगररांगेच्या कडेवर वसलेले, समुद्रसपाटीपासून ६०० मीटरहून अधिक उंचीवरील तीर्थक्षेत्र आहे. बालाघाटाची ही रांग दोन मोठ्या खोऱ्यांमधील पाणलोटरेषा आहे. जिल्ह्याच्या उत्तरेकडील तेरणेचे पाणी मांजरेला मिळून गोदावरीत जाते, तर नळदुर्गवरून वाहणाऱ्या बोरीचे पाणी भीमेवाटे कृष्णेत जाते. माथ्यावरच्या प्रदेशाचे दुर्दैव असे की, पाणी येथे उगम पावते पण थांबत नाही.

पावसाची सरासरी साधारणपणे ६०० ते ७५० मिलिमीटरच्या दरम्यान आहे. ती तशी फार कमी म्हणता येणार नाही. अडचण आहे ती पावसाच्या वितरणाची. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये याच धाराशिव जिल्ह्यातील परंडा-भूम परिसरात अतिवृष्टीने शेतजमिनी खरवडून गेल्या. दहा वर्षांच्या आत एकाच पट्ट्याने पाण्याची रेल्वेही पाहिली आणि महापूरही पाहिला.

भूगर्भाचे चित्रही अनुकूल नाही. दख्खनच्या पठाराचा काळा बेसॉल्ट खडक पाणी साठविण्याच्या दृष्टीने कंजूष आहे. पाणी राहते ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. गाळाच्या प्रदेशाप्रमाणे खोल जावे तसे पाणी वाढत जाते, असे येथे घडत नाही. पाचशे-सहाशे फूट खोल विंधन विहिरीत लागलेले पाणी बहुधा जुन्या भेगांतील साठा असतो; तो उपसला की पुन्हा भरण्यास बराच काळ लागतो. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा कायदा २०१४ मध्ये अंमलात आला आणि त्यात ६० मीटरहून अधिक खोल विहिरी घेण्यास मनाई करण्यात आली, त्यामागे हेच भूशास्त्रीय कारण आहे. विंधन यंत्रांच्या गाड्या मात्र या मर्यादेपाशी थांबत नाहीत, हे कोणत्याही उन्हाळ्यात दिसून येते.

पाणी अडविण्याची जाण या भागाला नवी नाही. नळदुर्ग किल्ल्यात बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये, बांध घालून त्याच्याच पोटात पाणीमहाल बांधण्यात आला. पावसाळ्यात नर आणि मादी या नावांच्या सांडव्यांवरून कोसळणारे पाणी पाहण्यास आजही गर्दी होते. एकाच बांधकामातून पाण्याचा साठा, किल्ल्याचे संरक्षण आणि महालातील गारवा साधण्याची ही रचना बहुउद्देशीय नियोजनाचे जुने उदाहरण म्हणून अभ्यासण्याजोगी आहे. तिथे पाणी उचलावे मात्र लागत नव्हते. आजच्या शेतीत पाणी उचलण्यासाठी खर्च होणारी ऊर्जा हाच कळीचा मुद्दा आहे.

एका एकराचा हिशेब

१ घनमीटर, म्हणजे १,००० लिटर, पाणी १ मीटर उंच उचलण्यास सैद्धांतिकदृष्ट्या ०.००२७२५ युनिट वीज लागते. मोटार, पंप आणि नळ यांतील गळती धरून एकूण कार्यक्षमता ४० टक्के मानली, आणि उपसा उंची कायद्याने घातलेल्या मर्यादेइतकी म्हणजे ६० मीटर धरली, तर १ घनमीटर पाण्यामागे सुमारे ०.४१ युनिट वीज पडते. हा आकडा हाती आला की पिकांची तुलना वेगळ्या प्रकाशात करता येते.

उसाची पाण्याची गरज वर्षाला किमान २,००० मिलिमीटरच्या घरात असते. त्यातील ५०० मिलिमीटर पावसाने भागली असे मानले तरी १,५०० मिलिमीटर पाणी उपसून द्यावे लागते. एका एकराला हे पाणी सुमारे ६,०७० घनमीटर, म्हणजे ६० लाख लिटरहून अधिक होते आणि त्यासाठी सुमारे २,५०० युनिट वीज लागते. याउलट रब्बी ज्वारी जमिनीतील ओलीवर वाढते. तिला ६० मिलिमीटरची दोन संरक्षित पाणी दिली तर एकरी सुमारे ४८६ घनमीटर पाणी आणि २०० युनिट वीज पुरते. पाणी आणि वीज या दोन्ही बाबतीत हे अंतर साडेबारापट आहे.

आता हेच पाणी जमिनीखालून पाहू. पावसाच्या सुमारे ८ टक्के पाणी अशा कठीण खडकात मुरते असे धरले, तर ६५० मिलिमीटर पावसात एका एकरात सुमारे २१० घनमीटर भूजल दरवर्षी जमा होते. याचा अर्थ असा की, एक एकर ऊस सुमारे २९ एकर शिवारावर मुरलेले पाणी पितो. ज्वारी सव्वादोन एकरांवरचे. झिजलेल्या खडकातून सुटणाऱ्या पाण्याचे प्रमाण २ टक्के मानले, तर एका एकर उसाच्या उपशाने ७५ एकर शिवाराची पाणीपातळी एक मीटरने खाली जाऊ शकते. दिलेल्या पाण्यापैकी काही भाग पुन्हा मुरतो, हे लक्षात घेतले तर हे आकडे थोडे सौम्य होतील आणि विहिरीगणिक ते बदलतीलही. प्रमाण मात्र बदलत नाही. २९ एकरांचे पाणी एका एकराला मिळते तेव्हा उरलेल्या २८ एकरांचे मालक कोण, हा प्रश्न जलशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही. गावात तो प्रत्येकाला ठाऊक असतो.

ठिबक सिंचनाने यातून सुटका होते का? अंशतः होते. ठिबकमुळे ४० टक्के पाणी वाचले असे मानू. दाबासाठी आणखी १५ मीटरची भर पडते, म्हणून विजेची बचत ४० टक्क्यांऐवजी २५ टक्केच होते. पाण्याची बचत आणि विजेची बचत एकाच प्रमाणात होत नाहीत, ही गोष्ट योजनांच्या माहितीपत्रकांत क्वचितच येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वाचलेल्या पाण्यावर शेतकऱ्याने आणखी अर्धा एकर ऊस लावला, तर शिवाराच्या पातळीवर काहीच वाचले नाही. प्लास्टिक अस्तराच्या शेततळ्यांचेही असेच आहे. पावसाचा अपधाव साठविण्यासाठी आखलेले शेततळे अनेक ठिकाणी विंधन विहिरीतून भरले जाते. खडकात सुरक्षित असलेले पाणी वीज खर्चून वर आणावयाचे आणि वर्षाला सुमारे दोन मीटर बाष्पीभवन होणाऱ्या उन्हात उघडे ठेवावयाचे, असा हा उलटा प्रवास आहे. फळबागायतदाराची त्यामागील निकड समजण्यासारखी आहे, कारण शेजाऱ्याच्या विहिरीने ते पाणी ओढण्याआधी आपण ते ताब्यात घ्यावे, असे त्याला वाटते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. शेतकरी उसाकडे वळतो तो अज्ञानामुळे नव्हे. उसाला रास्त व किफायतशीर दराची वैधानिक हमी आहे, खरेदीदार ठरलेला आहे, गारपिटीत किंवा अवकाळी पावसात तो सोयाबीनसारखा हातचा जात नाही. नळदुर्ग येथील श्री तुळजाभवानी सहकारी साखर कारखान्यासारख्या संस्था या तालुक्याच्या अर्थकारणाचा आणि राजकारणाचाही भाग राहिल्या आहेत. मराठवाड्यात ऊस आणि साखर कारखाने यांवर निर्बंध आणावेत, अशी शिफारस औरंगाबादच्या तत्कालीन विभागीय आयुक्तांनी २०१९ मध्ये शासनाकडे केली होती. पाण्याच्या अंगाने ती तर्कशुद्ध होती. परंतु ज्वारी, हरभरा आणि तूर यांच्या खरेदीची तशीच खात्रीशीर व्यवस्था तिच्यासोबत उभी राहिली नाही, म्हणून तिला शेतकऱ्यांकडून पाठबळ मिळणे शक्य नव्हते.

ऊस आता केवळ अन्नाचे पीक राहिलेले नाही. त्याच्या चिपाडापासून वीज आणि रसापासून इथेनॉल तयार होते. २०२३ च्या अपुऱ्या पावसाने राज्यातील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यात धाराशिव जिल्ह्यातील धाराशिव, लोहारा आणि वाशी हे तालुके होते. त्याच वर्षी साखरेचे उत्पादन घटण्याची चिन्हे दिसताच केंद्र शासनाने डिसेंबरमध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन आणले. पाऊस कमी झाला, साखरेची काळजी लागली आणि इंधनाचे धोरण बदलावे लागले. तीन खात्यांना एका धाग्याने ओढणारी अशी घटना वर्गात समजावून देण्यास सोपी आहे.

विजेसाठी लागणारे पाणी

पाण्यासाठी वीज लागते तसे विजेसाठी पाणी लागते. परळी वैजनाथ येथील औष्णिक विद्युत केंद्र खडका बंधाऱ्यातील पाण्यावर चालते. २०१३ च्या दुष्काळात आणि पुन्हा जुलै २०१५ मध्ये या बंधाऱ्यात पाणी न उरल्याने तेथील सर्व संच बंद ठेवावे लागले. त्यावेळी केंद्राची स्थापित क्षमता १,१३० मेगावॅट होती.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०१५ मध्ये शीतकरण मनोरे असलेल्या जुन्या औष्णिक केंद्रांसाठी प्रति युनिट ३.५ लिटर पाण्याची मर्यादा घातली. या मापाने १,१३० मेगावॅटचे केंद्र पूर्ण क्षमतेने एक दिवस चालल्यास साडेनऊ कोटी लिटर पाणी लागते. जल जीवन मिशनच्या माणशी ५५ लिटर या निकषाने एवढे पाणी १७ लाख लोकांना पुरेल. २०११ च्या जनगणनेनुसार तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ५७ हजार होती.

या आकड्याने दचकून जाण्याआधी दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. एकरभर उसासाठी लागणाऱ्या २,५०० युनिट विजेमागे वीज केंद्रात पाऊण हजार कमी साडेनऊ हजार, म्हणजे ८,७५० लिटर पाणी खर्च होते; शेतात मात्र ६० लाख लिटर. तेव्हा विजेचे पाणी हे शेतीच्या पाण्यापुढे नगण्य आहे. ते अडते ते एकाच जागी आणि रोज लागते म्हणून. शेतीची तहान विस्तृत आणि लवचीक असते, वीज केंद्राची एकवटलेली आणि ताठर. दुष्काळात दोन्ही एकाच धरणाकडे पाहू लागतात तेव्हा संघर्ष अटळ होतो.

सौर आणि पवन ऊर्जेला असे पाणी जवळजवळ लागत नाही. या दृष्टीने धाराशिव जिल्ह्यातील डोंगरमाथ्यांवर उभ्या राहिलेल्या पवनचक्क्या आणि कौडगाव येथील महानिर्मितीचा सौर प्रकल्प हे दुष्काळी प्रदेशाला साजेसे आहेत. सौर ऊर्जेला लागते ती जमीन. आणि ही जमीन ‘पडीक’ म्हणून नोंदलेली असली तरी उस्मानाबादी शेळीच्या कळपांसाठी ती चराईची असते. ऊर्जेच्या नकाशावरील मोकळी जागा अन्नाच्या नकाशावर मोकळी असेलच असे नाही.

चूल, कडबा आणि गोठा

ऊर्जा म्हणजे केवळ वीज, असे मानल्यास ग्रामीण भागातील निम्मा व्यवहार नजरेआड होतो. रब्बी ज्वारी हे माणसाचे अन्न होते, तिचा कडबा बैल आणि दुभत्या जनावरांचे खाद्य होते. तुरीच्या तुराट्या चुलीत जात, शेण खतात जाई किंवा त्याच्या गोवऱ्या होत. खरिपात सोयाबीनने बहुतेक शिवार व्यापल्यानंतर ही साखळी सैल झाली. सोयाबीनपासून रोख पैसा येतो, परंतु घरात शिजविण्याचे धान्य येत नाही आणि कडब्यासारखी भरवशाची वैरणही उरत नाही. वैरण विकत घ्यावी लागू लागली की जनावरे कमी होतात; जनावरे कमी झाली की शेणखत कमी होते; शेणखत कमी झाले की जमिनीची ओल धरून ठेवण्याची शक्ती घटते आणि तीच रब्बी ज्वारी पाण्याशिवाय येईनाशी होते. स्वयंपाकाच्या गॅसची टाकी पुन्हा भरून आणणे परवडले नाही की गोवरी चुलीत जाते, आणि शेताच्या वाट्याचे खत त्या दिवशी जळते. सिलिंडरच्या दराचा संबंध जमिनीच्या ओलाव्याशी असा पोहोचतो.

या साखळीचा भार सर्वाधिक वाहते ती स्त्री. पाणी भरणे, सरपण गोळा करणे, स्वयंपाक आणि गोठा ही चारही कामे तिचीच असल्याने या तिन्ही विषयांचे एकत्रीकरण तिच्या दिवसात आधीच झालेले असते. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर या भागात कार्यरत झालेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने पुढे दुष्काळाच्या काळात महिलांना कुटुंबाच्या जमिनीतील अर्धा ते एक एकर स्वतःच्या निर्णयाने कसण्यास प्रोत्साहन दिले. कमी पाण्यावरील धान्ये, कडधान्ये आणि भाज्या, घरचे खत, घरच्या खाण्याला प्राधान्य, असे या एक एकर शेतीचे स्वरूप आहे. संस्थेला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. या प्रयोगाचे महत्त्व पीक निवडण्यापेक्षा निवडणारी व्यक्ती बदलली, यात आहे.

पंपावरील लगाम

मराठवाड्यात आजवर भूजलावर प्रत्यक्ष लगाम राहिला तो कायद्याचा नव्हे, विजेच्या टंचाईचा. आठ तासांची वीज, तीही आठवड्याआड रात्रीची. जळालेले रोहित्र, कमी दाब. रात्री दोन वाजता विंचू-सापाच्या भीतीत दारे धरावी लागणे हे अन्यायकारकच होते, आणि दिवसा वीज मिळावी ही शेतकऱ्यांची मागणी पूर्णतः रास्त आहे. परंतु या टंचाईने नकळत उपशालाही मर्यादा घातली होती, हे मान्य केले पाहिजे.

मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेने एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांची वीज पाच वर्षांसाठी मोफत केली. महाराष्ट्राने असा निर्णय यापूर्वी २००४ मध्ये घेतला होता आणि तो लवकरच मागे घ्यावा लागला होता. पंजाबात १९९७ पासून मोफत विजेने भाताच्या शेतीखालील पाणीपातळी कोठे नेली, हे सर्वज्ञात आहे. फरक इतकाच की, पंजाबचा गाळ खोलवर पाण्याने भरलेला होता. बालाघाटाच्या खडकाला तेवढे औदार्य नाही.

सौर पंपाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के रक्कम भरावी लागते. अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्तीचा पंप, असे प्रमाण आहे. शाश्वत जलस्रोत असणे ही अट आहे. परंतु पंपाची क्षमता ठरते ती जमिनीच्या क्षेत्रावरून, त्या शिवारात किती पाणी मुरते यावरून नव्हे. ५ अश्वशक्तीचा पंप चांगल्या उन्हात दिवसाला सुमारे २० युनिट ऊर्जा देतो. वरील गृहीतकांनुसार तो ६० मीटरवरून ४९ हजार लिटर पाणी उचलेल. म्हणजे सुमारे १२५ उन्हाच्या दिवसांत एक एकर उसाचे संपूर्ण पाणी, तेही दिवसाउजेडी आणि बिलाशिवाय. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही मुक्तता आहे, हवामानाच्या दृष्टीने ती स्वच्छ ऊर्जा आहे. भूजलाच्या दृष्टीने मात्र शेवटचा लगाम सुटणे आहे.

यावर सौर पंप नाकारणे हा उपाय नव्हे. गुजरातमधील खेडा जिल्ह्यात ढुंडी या गावच्या शेतकऱ्यांनी २०१६ मध्ये सौर पंपधारकांची सहकारी संस्था स्थापन करून शिल्लक वीज वीज कंपनीला विकण्यास प्रारंभ केला. सिंचनाला न वापरलेल्या ऊर्जेचे पैसे मिळू लागले की पाणी न उपसण्यालाही किंमत येते. महाराष्ट्रातील बहुतेक सौर पंप वाहिनीला जोडलेले नाहीत, त्यामुळे ऊन वाया घालविणे अथवा पाणी उपसणे एवढे दोनच पर्याय शेतकऱ्यापुढे उरतात. २०१७ मध्ये सुरू झालेली आणि २०२३ मध्ये विस्तारलेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना या बाबतीत अधिक सोयीची आहे. तीत उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून कृषी वाहिनीला दिवसा वीज दिली जाते. वाहिनी सामायिक असल्याने पुरवठ्याचे तास हंगामानुसार ठरविता येतात, उपशाची मोजणी करता येते.

दूरचे पाणी

तालुक्याच्या आशा आज सर्वाधिक केंद्रित झाल्या आहेत त्या कृष्णा-मराठवाडा उपसा सिंचन प्रकल्पावर. मूळ नियोजन २३.६६ अब्ज घनफूट (टीएमसी) पाण्याचे, पहिल्या टप्प्यात ७ टीएमसी. शासनाने २०२२ मध्ये अकरा हजार कोटी रुपयांहून अधिक खर्चास सुधारित मान्यता दिली. उजनी जलाशयातील पाणी सीना खोऱ्यात आणून तेथून टप्प्याटप्प्याने उपसून तुळजापूरजवळील रामदरा तलावापर्यंत पोहोचवावयाचे, अशी ही रचना आहे. जिल्ह्याचा मोठा भाग कृष्णा खोऱ्यात मोडत असल्याने या पाण्यावरील त्याचा हक्क वादातीत आहे.

हक्काचा प्रश्न सुटल्यानंतरही विजेचा प्रश्न उरतो. १ टीएमसी, म्हणजे सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर पाणी १०० मीटर उचलण्यास ७० टक्के कार्यक्षमतेने सुमारे १ कोटी १० लाख युनिट वीज लागते. ७ टीएमसीला प्रत्येक १०० मीटरमागे पावणेआठ कोटी युनिट होतात, आणि ती दरवर्षी लागतात. राज्यातील अनेक उपसा योजना बांधून पूर्ण झाल्यानंतर थकीत वीजबिलांमुळे अडखळल्या, हा अनुभव जुना आहे. एवढी ऊर्जा खर्चून आणलेले पाणी प्रवाही पद्धतीने उसाला दिले गेल्यास तो देशातील महागड्या उसांपैकी एक ठरेल, जरी शेतकऱ्याला ते जाणवणार नाही. तेच पाणी तूर, हरभरा, ज्वारी आणि भाजीपाल्याला संरक्षित सिंचन म्हणून दिले, तर एका एकराऐवजी दहा-बारा एकरांचे पीक दुष्काळात वाचू शकते. नवरात्रात आणि आश्विन पौर्णिमेला लाखो भाविकांचा भार सोसणाऱ्या तुळजापूर शहराच्या पिण्याच्या पाण्याचा वाटाही यातच मोडतो.

ताळेबंदात एक रकाना

पाण्याचा ताळेबंद ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायतीची उभारणी केली, तेव्हा पाणी जमिनीच्या क्षेत्रावर नव्हे तर कुटुंबातील माणसांच्या संख्येवर देण्याचे आणि उसाला न देण्याचे तत्त्व स्वीकारले गेले. उपसा सामुदायिक होता, म्हणून पाणी, वीज आणि पीक यांचा निर्णय एकाच बैठकीत होई. हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली सिंचनासाठी विंधन विहिरींना बंदी केली आणि पडलेल्या पावसाच्या मोजमापावरून पिके ठरविण्याची शिस्त लावली. नायगाव आणि हिवरे बाजार यांची उदाहरणे इतक्या वेळा दिली जातात की, ती अपवाद आहेत हेच सिद्ध होत जाते. त्यांना असामान्य नेतृत्व लाभले होते. प्रत्येक गावाला तसे नेतृत्व मिळेल, या गृहीतकावर धोरण उभे करता येत नाही. त्यासाठी सामान्य ग्रामसेवकालाही चालविता येईल अशी कार्यपद्धती हवी.

तशी कार्यपद्धती अर्धी अस्तित्वात आहे. २०१८ पासून राबविलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात आणि त्यानंतरच्या अटल भूजल योजनेत गावनिहाय पाण्याचा ताळेबंद तयार करण्यात आला. धाराशिव जिल्हा या दोन्हींत होता. पाऊस, अपधाव, मुरलेले पाणी, पिकांची गरज आणि तूट यांचे रकाने त्यात आहेत. गावाच्या फलकांवर ते रंगवूनही ठेवलेले दिसतात. त्यात नाही तो ऊर्जेचा रकाना. गावात पंप किती, त्यांची एकूण अश्वशक्ती किती, ते सर्व ठरलेले तास चालल्यास किती पाणी वर येईल, आणि तेवढे पाणी खाली आहे काय, ही मांडणी एका कागदावर येत नाही. आकडे मात्र उपलब्ध आहेत. पंपांची नोंद महावितरणकडे, पाणीपातळी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे, पीकपेरा तलाठ्याकडे आणि ई-पीक पाहणीत आहे.

महाविद्यालयांची भूमिका येथे सुरू होते. भूगोल, अर्थशास्त्र, रसायनशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र हे विभाग एकाच इमारतीत असतात. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर दरवर्षी कोणत्या ना कोणत्या गावात भरते. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर तुळजापुरातच आहे. एका गावातील पन्नास विहिरींची पाणीपातळी ऑक्टोबर आणि मे महिन्यांत मोजणे, पंपांची यादी करणे आणि एकरी पाणी-वीज-उत्पन्न यांचा तक्ता करणे हे विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील काम आहे. पाच वर्षे सलग केल्यास त्यातून उभी राहणारी सामग्री कोणत्याही शासकीय सर्वेक्षणात आज मिळत नाही.

निर्णयाची जागा ग्रामसभाच राहते. पावसाळा संपताच ताळेबंद मांडला जातो, आणि सौर पंपांचे अर्ज वर्षभर ऑनलाइन वैयक्तिकरीत्या भरले जातात. या दोहोंची गाठ कोठेही पडत नाही. ऑक्टोबरच्या ग्रामसभेत त्या वर्षीच्या ताळेबंदाशेजारी गावातील मंजूर आणि प्रलंबित पंपांची यादी ठेवली गेली, तर कोणत्या ओढ्याच्या काठावर आणखी पंप बसू शकतो आणि कोणत्या माळावर तो शेजाऱ्याच्या विहिरीतलेच पाणी उपसणार आहे, हे गावाला त्याच दिवशी सांगता येईल.